वर माइक, खाली मेस

क्रूझवर काम करते असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "हाउसकीपिंग की किचन?" एंटरटेनमेंट स्टाफ म्हटलं की समोरचा जरा थबकतो आणि आवाज खाली आणून विचारतो, "म्हणजे नाचता का?" माझ्या आत्याने तर ही भानगडच नको म्हणून सगळ्या नातेवाइकांत परस्पर सांगून टाकलं, की पोरीला शिपिंग कंपनीत मॅनेजमेंटला घेतलंय.

आत्याला तरी काय बोलणार! बोटीवरची नोकरी कोकण-गोव्याला नवी नाही. मुंबईत धोबीतलावला गोव्यातल्या गावागावांचे 'कूड' होते. कूड म्हणजे गावच्या खलाशांच्या मुक्कामाची खोली; बोटीवर काम मिळेपर्यंत तिथे पथारी टाकायची. पण तो माणूस स्टुअर्ड असायचा, कुक असायचा, इंजिनरूममध्ये असायचा, फार तर बँडमध्ये वाजवायचा. हातात माइक घेऊन परक्या देशातल्या लोकांना "उठा, टाळ्या वाजवा" असं फर्मावणारी कल्याणची बाई कुणाच्या डोळ्यासमोर येत नाही.

कॉलेज संपल्यापासून मी निवेदन करत होते. सोसायट्यांचे गणपती, हळदीकुंकू, लग्नाआधीचे संगीत आणि मुख्य म्हणजे नगरसेवकांनी मैदानात भरवलेले पैठणीचे खेळ. चारशे बायका खुर्च्यांवर, साउंडवाला मध्येच गायब, आणि स्टेजवर यायला कुणी तयार नाही. यात एक गोष्ट शिकले. "नको नको, मी नाही" म्हणणाऱ्या बाईच्या तोंडाकडे बघायचं नसतं, पायाकडे बघायचं. पाऊल स्टेजकडे वळलेलं असेल तर ती येणार. एकदा हात धरला की पुरे. पाऊल खुर्चीखाली ओढून घेतलेलं असेल तर तिचा नाद सोडायचा. ही एवढी पुंजी घेऊन मी कॅरिबियन समुद्रात गेले, आणि ती तिथे जशीच्या तशी चालली.

अर्ज कंपनीच्या साइटवरूनच केला. त्यांना दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ हवा होता, माइकवर काम करतानाचा. मी पैठणीच्या खेळाचंच फुटेज पाठवलं, खाली इंग्रजी सबटायटल टाकून. मुलाखत व्हिडिओ कॉलवर झाली. पलीकडची बाई हसतमुख होती, पण प्रश्न नेमके होते. ट्रिव्हियाला, म्हणजे प्रश्नमंजुषेला, दोनच माणसं आली तर काय कराल? मी म्हटलं, दोघांच्या दोन टीम करीन आणि हरणाऱ्याला पुढच्या खेळाला चार जण आणायची शिक्षा देईन. मग म्हणाली, मला बिंगोचं, म्हणजे आपल्या हौजीसारख्या खेळाचं, कार्ड विका. विकलं. शेवटी तिने एकच सूचना केली: थोडं हळू बोला. आपण इंग्रजी चुकीचं बोलत नाही, फक्त लोकलच्या वेगाने बोलतो.

मधल्या काळात अंधेरीतल्या एका एजंटाने मला आणि माझ्याबरोबरच्या दोघींना "जॉइनिंग पक्कं, फक्त प्रोसेसिंगचं बघा" म्हणून मोठी रक्कम सांगितली होती. अशी माणसं आजही इन्स्टाग्रामवर दिसतात, म्हणून नियम इथे सांगून टाकते. भारतातून बोटीवर भरती करणाऱ्या एजन्सीकडे डीजी शिपिंगचं, म्हणजे केंद्राच्या जहाज वाहतूक खात्याचं, आरपीएसएल हे भरतीचं लायसन्स असावं लागतं आणि लायसन्सवाल्यांची यादी डीजी शिपिंगच्या वेबसाइटवर बघता येते. 2006 च्या सागरी कामगार कराराप्रमाणे, म्हणजे एमएलसीप्रमाणे, नोकरी लावून दिल्याबद्दल उमेदवाराकडून एक रुपयाही घेता येत नाही. मेडिकल, सीडीसी (खलाशाची नोंदवही) आणि पासपोर्ट यांचा खर्च आपला. व्हिसाचा खर्च मालकाचा. भारताने हा करार 2015 मध्ये स्वीकारला. बिंगो घेणारी असले तरी कायद्याच्या नजरेत मी सीफेअररच, म्हणजे खलाशीच, त्यामुळे हे सगळं मला लागू होतं. एजंटाला आरपीएसएल नंबर विचारल्यावर त्याने फोन उचलणंच बंद केलं.

कागदपत्रांचा क्रम सगळ्यांना पाठ असतो, म्हणून भराभर. आधी इंडोस नंबर, म्हणजे खलाशाचा ओळख क्रमांक. मग नवी मुंबईतल्या मान्यताप्राप्त संस्थेत एसटीसीडब्ल्यूचे, म्हणजे खलाशांच्या प्रशिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे लागणारे, बेसिक कोर्स: पाण्यात तग धरणं, आग विझवणं, प्रथमोपचार, जहाजावरची सुरक्षा आणि जबाबदाऱ्या. त्यावर सिक्युरिटीचा एक आणि प्रवासी जहाजासाठी गर्दी सांभाळण्याचा एक. डीजी शिपिंगने मान्यता दिलेल्या डॉक्टरकडून मेडिकल. मग सीडीसी, खलाशाची ती पासबुकसारखी वही, जिच्यात बोटीवर चढल्या-उतरल्याची नोंद होते. यलो फीव्हरची लस मांडवीच्या पोर्ट हेल्थमध्ये; पिवळं कार्ड दहा दिवसांनी लागू होतं आणि 2016 पासून जन्मभर चालतं. शेवटी बीकेसीच्या अमेरिकन कॉन्सुलेटमध्ये सी1/डी, म्हणजे बोटीवर काम करणाऱ्यांचा व्हिसा. तिथल्या ऑफिसरने विचारलं, "बोटीवर नक्की काय करणार?" मी म्हटलं, "बिंगो घेणार." काचेपलीकडे पहिल्यांदाच कुणीतरी हसलं.

पोहण्याच्या तलावातला दिवस मात्र भराभर सांगता येणार नाही. मला पोहता येत नव्हतं. बॅचमध्ये मी एकटी मुलगी. बाकी सगळी पोरं डेक आणि इंजिनला जाणारी. लाइफजॅकेट घालून उंच फळीवर उभं करतात. सरांनी सांगितलं, एका हाताने नाक-तोंड झाक, दुसऱ्या हाताने जॅकेट छातीवर खाली दाबून धर, नजर समोर ठेव, आणि उडी मारायची नाही, नुसतं एक पाऊल पुढे टाकायचं. हे प्रत्येक कशासाठी ते पाण्यात पडल्यावर कळतं. खाली बघितलं की अंग पुढे झुकतं आणि पाणी थोबाडीत बसतं. जॅकेट दाबून धरलं नाही तर ते वर उसळून हनुवटीला ठोसा देतं; माझ्या पुढच्या पोराची जीभ अशीच चावली गेली. मग उलटा पडलेला राफ्ट, म्हणजे जीव वाचवायचा फुगवलेला तराफा, सरळ करायचा. गॅस सिलिंडरच्या बाजूला चढून उभं राहायचं, पट्टा दोन्ही हातांनी ओढत स्वतःला मागे झोकून द्यायचं. राफ्ट सरळ होतो आणि थेट आपल्याच अंगावर येतो. त्याच्याखालून हात मारत बाहेर यायचं. मी बाहेर आले तेव्हा टाळ्या वाजत होत्या, आणि या खेपेला त्या मी वाजवायला लावल्या नव्हत्या.

मियामीत जॉइनिंगच्या सकाळी हॉटेलवरून व्हॅनने बंदरावर नेतात. बोट डोळ्यात मावत नाही, एवढंच म्हणते. व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेले आहेत. पासपोर्ट क्रू ऑफिसात जमा होतो, हातात ओळखपत्र येतं, इमर्जन्सी नंबरचं कार्ड येतं, आणि तासाभरात तुम्ही ट्रेनिंगच्या खोलीत असता. त्याच दिवशी सकाळी तीन हजार पाहुणे उतरतात आणि दुपारपर्यंत नवे तीन हजार चढतात. खालच्या डेकवर बोटीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाणारा कॉरिडॉर असतो. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या हायवेवरून त्याला सगळे आय-95 म्हणतात. फोर्कलिफ्ट, सामानाचे पिंजरे, अननसाची खोकी, गाउन घातलेल्या डान्सर, सलाम ठोकणारे सिक्युरिटीवाले गुरखे, सगळे एकाच वेळी तिथून जात असतात. पहिल्या दिवशी मी भिंतीला चिकटून चालले.

केबिन पाण्याच्या पातळीखाली, बोटीच्या पुढच्या टोकाला. दोन बंक, प्रत्येकाला पडदा, खिडकी नाही. पहाटे बोट धक्क्याला लागायला लागली की बो-थ्रस्टर, म्हणजे बोटीचं पुढचं टोक बाजूला सरकवणारा पंखा, सुरू होतो आणि उशीखाली कुणीतरी मिक्सर लावल्यागत सगळं थरथरतं. माझी रूममेट दक्षिण आफ्रिकेची, तिचा हा तिसरा का चौथा करार. तिने पहिल्या रात्री मला दोन हिरवी सफरचंदं आणि खारी बिस्किटं दिली. बोट लागली, म्हणजे हेलकाव्यांनी मळमळायला लागलं, की गोळीपेक्षा हे बरं, असं बोटीवर सगळेच मानतात. मला तरी लागू पडलं.

आता खरं काम. आमच्या खात्याचं पहिलं काम करमणूक नसून माणसं मोजणं हे आहे, आणि हे कुठल्याच जाहिरातीत नसतं. सात छोटे आणि एक लांब भोंगा झाला की स्टुअर्ड, वेटर, डान्सर सगळे आपापल्या इमर्जन्सीच्या जागेवर जातात. माझी जागा मस्टर स्टेशन, म्हणजे संकटात पाहुण्यांनी जमायचं ठिकाण. तीन हजारांतले जे माझ्या स्टेशनला येतील त्यांची कार्डं स्कॅन करायची, लाइफजॅकेट घालून दाखवायचं, कोण आलं नाही ते वर कळवायचं. 13 जानेवारी 2012 ला इटलीच्या जिलियो बेटाजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया खडकावर आपटली, 32 माणसं गेली. त्याच दिवशी चढलेल्या कित्येक प्रवाशांचं मस्टर ड्रिल व्हायचं होतं. त्यानंतर नियम कडक झाला: बोट सुटायच्या आधी किंवा सुटताक्षणी ड्रिल झालंच पाहिजे. कोविडनंतर बऱ्याच कंपन्यांनी ते फोनवरच्या व्हिडिओवर आणलं. पाहुणे व्हिडिओ बघतात आणि आपल्या स्टेशनवर येऊन हजेरी लावतात. तरी शेवटची पंधरा-वीस माणसं बारमध्ये जाऊन गोळा करावी लागतात. हातात ग्लास असलेल्या माणसाला, त्याचा मूड न घालवता, "आधी चला" म्हणणं हीच मग आमची खरी परीक्षा. पैठणीच्या खेळात बायकांना स्टेजवर आणायचं, इथे पुरुषांना बारमधून खाली.

उरलेला दिवस तुकड्यातुकड्यांत जातो. सकाळी ट्रिव्हिया, मग लाइन डान्सचा क्लास, दुपारी पूलवर पोटावर आपटत उडी मारायची स्पर्धा, बिंगो, संध्याकाळी गँगवेवर, म्हणजे बोटीवर चढायच्या पुलावर, उभं राहून "वेलकम बॅक", रात्री गेम शो, कॅरिओके, आणि मध्यरात्रीनंतर कानाला हेडफोन लावून नाचायचा सायलेंट डिस्को. आठवड्याची सुट्टी हा प्रकार करार संपेपर्यंत नाही. एमएलसीप्रमाणे चोवीस तासांत किमान 10 तास आणि आठवड्यात 77 तास विश्रांती मिळालीच पाहिजे, आणि त्या तासांची नोंद ठेवावी लागते. कागदावर ते तास भरतात. पण विश्रांती तुकड्यांनी मिळते, आणि मधल्या वेळात केबिनपर्यंत जाऊन येण्यातच जीव जातो.

बिंगोबद्दल एक स्पष्ट सांगते. आपल्या हौजीत 90 आकडे आणि ओळीत पाच. अमेरिकन बिंगोत 75 आकडे, पाच बाय पाचचं कार्ड, मधलं घर फुकट. खेळ सोपा, आणि त्यातले पैसे कंपनीचे. बिंगो हा करमणुकीच्या वेशातला धंदा आहे, विक्रीचा आकडा रोज रात्री सुपरवायझरकडे जातो. मला त्यात वावगं वाटत नाही. पण एंटरटेनमेंट म्हणजे निव्वळ कला अशी समजूत करून येणाऱ्यांना पहिल्या आठवड्यात धक्का बसतो.

ट्रिव्हियात मात्र मला मनापासून मजा यायची. बक्षीस काय, तर कंपनीचं नाव छापलेली की-चेन. त्या की-चेनसाठी निवृत्त झालेली, नातवंडं असलेली माणसं जी भांडतात, ती बघायलाच हवीत. एकदा प्रश्न होता, एव्हरेस्टची उंची फुटांत. माझ्या कागदावर 29,029. गळ्यात दोरीने चष्मा अडकवलेले एक आजोबा उठले आणि म्हणाले, 29,032. आजोबांचं बरोबर होतं. नेपाळ आणि चीनने डिसेंबर 2020 मध्ये मिळून 8,848.86 मीटर ही नवी उंची जाहीर केली होती. शाळेत आपण सगळ्यांनी 8,848 पाठ केलेलं, त्यामुळे ती बातमी माझ्या लक्षात राहिली होती. पण ट्रिव्हियाचा पहिला नियम असा की होस्टच्या हातातला कागद हेच सत्य. तो एकदा सोडला की दर प्रश्नाला कोर्ट भरतं. मी आजोबांना गुण दिला, कागदवाल्यांचाही ठेवला, आणि लगेच टायब्रेकर लावला: या बोटीच्या गॅलीत, म्हणजे स्वयंपाकघरात, आठवड्याला किती अंडी लागतात? जो जवळ जाईल तो जिंकला. आकडा मी आदल्या रात्री खाली मेसमध्ये गॅलीतल्या तात्यांकडून आणून ठेवला होता. आजोबा तिसरे आले. दुसऱ्या दिवशी बुफेत मला गाठून म्हणाले, "अंड्यांचं मान्य, पण एव्हरेस्टचं लिहून घ्या." मी त्यांच्यादेखत कागदावर दुरुस्ती केली.

रात्रीचा हुकमी खेळ नवरा-बायकोचा. तीन जोडपी लागतात: नुकतं लग्न झालेलं, मधलं आणि सगळ्यात जुनं. जुनं शोधायची पद्धत साधी. सगळ्या लग्न झालेल्यांना उभं करायचं आणि दहा वर्षं, वीस वर्षं, चाळीस वर्षं असं म्हणत एकेकाला बसवत जायचं. शेवटी जे उरतात त्यांना आख्खं थिएटर टाळ्या वाजवतं, आणि मग त्यांना "नको" म्हणता येत नाही. आजोबा थोडे बहिरे असले तर शो आपसूक चालतो. हे क्रूर आहे, पण खरं आहे. नवऱ्यांना विंगेत पाठवून बायकांना विचारायचं, तुमच्या नवऱ्याची सगळ्यात वाईट सवय कोणती? उत्तरं कल्याणसारखीच येतात. घोरणं, टॉवेल, आणि ऐकूनही न ऐकल्यासारखं करणं.

अटलांटिकमध्ये चक्रीवादळांचा मोसम 1 जून ते 30 नोव्हेंबर. माझा करार नेमका त्यातच. एका सकाळी कॅप्टनने अनाउन्समेंट केली की वाऱ्यामुळे आज मेक्सिकोचं कोझुमेल बेट नाही, दिवसभर समुद्रातच. प्रवाशांच्या सहली रद्द. मॉलमधली लाइट जावी तसा सगळ्या बोटीवर एकदम "ओह" झाला. आमच्या क्रूझ डायरेक्टरने, म्हणजे करमणूक खात्याच्या प्रमुखाने, दहा मिनिटांत सगळ्यांना थिएटरमागे उभं केलं, खडूने फळ्यावर तास पाडले आणि म्हणाला, "बारा तास आहेत, मोकळा एकही नको." हौशी माणसाचं आणि व्यावसायिकाचं काम वेगळं कसं असतं, ते मी त्या दिवशी पाहिलं. वर डेकवर वारा, म्हणून पूल बंद. लॉबीत टॉवेलच्या घड्यांचे प्राणी, जिन्यावर कॉयरचं गाणं, कॅसिनोच्या बाहेर ट्रिव्हिया. मला म्हणाला, "तू इंडियन आहेस, बॉलिवूड क्लास घे." भारतीय म्हणजे नाचता येणारच, या समजुतीवर वाद घालायची ती वेळ नव्हती. एका हाताने बल्ब फिरवायचा, दुसऱ्या हाताने कुत्र्याला थोपटायचं, या जगप्रसिद्ध दोन स्टेप आणि त्यात मी लेझीमची चार पावलं घुसवली. हलत्या बोटीवर दोनशे माणसं पुढे-मागे पावलं टाकत होती. गॅलीच्या दाराला गोल काच असते. त्या काचेत पांढऱ्या टोप्या घातलेली पाच-सहा आपली माणसं एकमेकांच्या खांद्यावरून डोकावून हसताना दिसली.

या काचेबद्दलच खरं बोलायचं आहे. एंटरटेनमेंट स्टाफला पाहुण्यांच्या डेकवर फिरता येतं. युनिफॉर्म आणि नावाचा बिल्ला लावून बुफेत जेवता येतं, जागा असली तर थिएटरच्या मागच्या रांगेत बसता येतं. ही मुभा खात्याला आहे, माणसाला नाही. माझ्यासारखाच भारतीय पासपोर्ट असलेला, माझ्यापेक्षा किती तरी जास्त करार केलेला केबिन स्टुअर्ड ड्युटी संपल्यावर वर दिसला तर त्याला जाब विचारतात. खाली मेसही वेगळ्या. ऑफिसरांची एक, आमची स्टाफची एक, आणि क्रूची एक. स्टाफ मेसमध्ये पास्ता आणि सॅलड. क्रू मेसमध्ये वाफाळता भात, डाळ, कधी माशाचं कालवण. मी पहिल्या आठवड्यातच ताट घेऊन क्रू मेसमध्ये बसायला लागले. माझ्या खात्यातल्या ब्रिटिश मुलाला ते विचित्र वाटलं, आणि खरं सांगायचं तर खालच्या काही जणांनाही वाटलं. "ताई, तुम्ही वरच्या," असं एकजण म्हणाला, आणि त्यात आदर किती नि टोमणा किती ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

वर पाहुण्यांना मात्र उलटं दिसतं. हातात माइक नसला की मी पुन्हा नुसती एक भारतीय. कुणी रिकामा ग्लास हातात देतं, कुणी टॉवेल मागतं, कुणी कौतुकाने म्हणतं की तुझं इंग्रजी किती छान आहे. "क्रू रात्री झोपायला कुठे जातो?" हा प्रश्न विनोद म्हणून ऐकला होता, तो मला खरोखर विचारला गेला. मी ग्लास घेऊन बारवर ठेवायचे, टॉवेलचा स्टँड दाखवायचे. चिडायचं कुणावर? त्या ग्लासामागे वाईट हेतू नसतो. राग यायचा तो त्याच ग्लासासाठी दिवसभर उभ्या असलेल्या माणसाकडे कुणी मान वर करून बघत नाही याचा.

तात्या सावंतवाडीकडचे, गॅलीत वरच्या हुद्द्यावर, बोटीवर उभी हयात गेलेली. एका रात्री ताटात भात वाढता वाढता म्हणाले, "काय गो, तीन हजार माणसांका हसवतंस, आमका कधी हसवतलंस?" क्रूसाठी अधूनमधून बिंगो नाहीतर पार्टी असतेच, कंपनी त्याला पैसे देते. मी क्रूझ डायरेक्टरकडून परवानगी काढली आणि रात्री साडेअकराला क्रू मेसमध्ये खेळ मांडला, हिंदी, इंग्रजी आणि मराठी मिसळून. फिलिपिनो आणि जमैकन मंडळी काय चाललंय ते न कळताही सगळ्यात आधी नाचायला उठली. आपल्या पुरुषांना मी एकच काम दिलं: बायकोचं नाव घ्या, उखाण्यात. आधी "नको नको". पाय बघितले. एक देवगडचा स्टुअर्ड पुढे आला, दोन मिनिटं विचार केला आणि म्हणाला, "अकराव्या डेकवर केल्या सतरा केबिन साफ, अमकीचं नाव घेतो, उशीर झाला तर माफ." अमकीच्या जागी खरं नाव होतं, ते तिचं तिच्याजवळ. स्टारलिंकचं उपग्रहावरचं इंटरनेट आल्यापासून बोटीवरून व्हिडिओ कॉल नीट लागतो. त्याने तिथल्या तिथे घरी फोन लावला आणि तिला सगळ्यांसमोर उलट नाव घ्यायला लावलं. तिने घेतलंही, सकाळच्या चहाच्या घाईत, गॅसवरची नजर न काढता. माझ्या आख्ख्या कराराचा तो सगळ्यात चांगला शो, आणि तो वरच्या कार्यक्रमपत्रिकेत छापलेला नव्हता.

पैशाचं विचारतात सगळेच. आमचा पगार डॉलरमध्ये, ठरलेला. टीप आम्हाला मिळत नाही. स्टुअर्ड आणि वेटर टिपांवर माझ्यापुढे सहज जातात, त्यामुळे "वरची" म्हणून माझा हेवा करणाऱ्याने आधी दोघांच्या स्लिपा बघाव्यात. खाणं-राहणं-विमान कंपनीचं, त्यामुळे शिल्लक पडते. करार साधारण सहा-सात महिन्यांचा. हॉटेल खात्यातल्यांचा जास्त लांब. इथे बोटीवरची मंडळी ज्याचा हिशेब पाठ ठेवतात तो एनआरआयचा: आर्थिक वर्षात भारतात 182 दिवसांपेक्षा कमी राहिलं तर परदेशी बोटीवरचा पगार करात धरत नाहीत. आमचा करार छोटा असल्यामुळे मार्च-एप्रिलच्या सीमेवर तो दोन वर्षांत विभागला गेला की गणित फसतं. जॉइनिंगची तारीख घेतानाच सीएला विचारा, नंतर नाही.

बायकांना आणखी एक सांगते, कारण घरचे हेच विचारतात आणि मुली विचारायला लाजतात. दारू प्यायलेला पाहुणा अंगचटीला आला तर हसून बाजूला व्हायचं आणि लगेच सुपरवायझरला सांगायचं. आमच्याकडे अशा वेळी त्या पार्टीवर दुसरा माणूस पाठवत आणि सिक्युरिटी बोलावत. पाहुण्याशी आपणहून जवळीक केली तर मात्र पुढच्या बंदरावरून घरचं तिकीट, मग तुम्ही कितीही चांगल्या होस्ट असा. कॅमेरे सगळीकडे आहेत. डोंबिवलीच्या लोकलपेक्षा मला तिथे जास्त सुरक्षित वाटलं, हेही लिहून ठेवते.

साइन-ऑफच्या, म्हणजे करार संपवून उतरायच्या, आदल्या दिवशी युनिफॉर्म जमा करायचा, केबिनची तपासणी, सीडीसीत नोंद, पासपोर्ट परत. एव्हाना वरचे तीन हजार नवे असतात आणि तुम्ही जाताय याचा त्यांना पत्ताही नसतो. तात्यांनी डब्यात सुकट-चटणी भरून दिली, ती मियामीच्या बंदरावर कस्टममध्ये दाखवावी लागेल या भीतीने मी रूममेटबरोबर रात्रीच संपवली. तिला फार तिखट लागली, तरी डबा पुसून खाल्ला.

दुसऱ्या कराराचं पत्र आलंय, या वेळी बार्सिलोनाहून. शेंगेन व्हिसा लागेल, मेडिकल नव्याने, आणि बेसिक सेफ्टीचं पाच वर्षांनी येणारं रिफ्रेशर अजून लांब आहे. अर्ज करणाऱ्यांसाठी: अमेरिकन बोटींना वय बहुधा 21 पूर्ण लागतं, पोहता येणं लागत नाही, आणि व्हिडिओ मराठीत असला तरी चालतो. माझा चालला.